लोकांना सीपीआर-एईडीचं ट्रेनिंग पहिल्यांदाच देणार आहात? डमीची बॅग उघडण्याआधी हे वाचा

मी एका नर्सिंग कॉलेजची स्किल लॅब सांभाळते. त्याआधी बरीच वर्षं आयसीयूत होते. लॅबमध्ये आल्यावर कपाटात चार सीपीआरच्या डमी (हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची हे शिकायच्या बाहुल्या) आणि एक एईडी ट्रेनर (हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनची सरावाची नक्कल) मिळाला, वापरायचा कसा हे सांगणारं मात्र कोणी नव्हतं. हळूहळू मुलींना शिकवायला लागले, मग सोसायट्यांमधून बोलावणी आली, मग जिम, मग एमआयडीसीतल्या कंपन्या. पहिल्या वर्षी इतके घोटाळे केलेत की आता कोणी नवीन सिस्टर किंवा सर फोन करून "मॅडम, आमच्याकडे पण डमी आल्यात, पुढे काय करायचं?" असं विचारतात तेव्हा प्रत्येक वेळी तासभर बोलावं लागतं. तो तासभर एकदाच इथे लिहून टाकते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुम्ही अधिकृत इन्स्ट्रक्टर नसाल तर तुम्ही घेताय ते जनजागृतीचं सेशन आहे, सर्टिफिकेट कोर्स नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड (दोन वर्षं चालतं ते) त्यांच्या ट्रेनिंग सेंटरमार्फतच मिळतं. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी 'कोल्स' नावाचा सोपा, तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबायचा प्रकार आणला, त्याचेही स्वतःचे प्रशिक्षक आहेत. लोक "सर्टिफिकेट मिळणार ना?" असं विचारतातच, तेव्हा गोड बोलून नाही म्हणा आणि घरी छापलेलं काहीतरी देऊ नका.

१. समोर कोण बसणार आहे ते आधी विचारा

नर्सिंगच्या मुली असतील तर ३० दाब आणि २ श्वास, बॅग-मास्क (पिशवी दाबून श्वास द्यायचा मास्क), दोघांनी मिळून सीपीआर असं सगळं घ्यावं लागतं. सोसायटीतले काका-काकू, वॉचमन, रिक्षावाले असतील तर ओळखा, फोन करा, छाती दाबा, मशीन लावा एवढंच घ्या. दोन्ही एकत्र करायला गेलात की काकू तिसऱ्या मिनिटाला गोंधळतात आणि मग काहीच करत नाहीत. फक्त एक अपवाद नक्की सांगा, बुडालेला माणूस आणि लहान मूल. तिथे मुळात श्वास अडकल्याने हृदय थांबलेलं असतं त्यामुळे श्वास देता येत असेल तर द्यायलाच हवा. गावाजवळ नदी, विहीर, शेततळं असेल तर हा भाग वगळू नका.

आणि आधीच विचारून ठेवा की गुडघ्याचं, पाठीचं ऑपरेशन झालेलं, गरोदर किंवा स्वतः हार्टचं पेशंट कोणी आहे का. त्यांना जमिनीवर बसवू नका, त्यांना सूचना देणारा लीडर करा. घरातलं कोणी असंच अचानक गेलंय असे लोकही येतात. एका सेशनला मी डमीवर दाबायला सुरुवात केली आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले. नंतर कळलं की चारच महिन्यांपूर्वी त्यांचे वडील त्यांच्यासमोर गेले होते. तेव्हापासून मी सुरुवातीलाच सांगते, कोणालाही कधीही बाहेर जावंसं वाटलं तर जा, कोणी काही विचारणार नाही.

२. सामान काय लागतं

- छातीपर्यंतची प्रौढ डमी. माझा हिशोब तीन, फार तर चार माणसांमागे एक. वीस जण आणि पाच डमी असतील तर दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या प्रत्येकाच्या हातून साधारण पाऊण तासात होतात. वीस जणांत एकच डमी असेल तर ते सेशन नाही, भाषण आहे.
- एईडी ट्रेनर, त्याचे पॅड, रिमोट असेल तर रिमोट.
- टॅब किंवा जुना मोबाइल, फीडबॅकचं ॲप आधीच टाकलेलं.
- बॅटऱ्या, दुप्पट. एक्स्टेन्शन बोर्ड.
- सतरंजी किंवा योगा मॅट, पातळ. जाड गादी नको.
- अल्कोहोल वाइप्स, सॅनिटायझर, श्वास शिकवणार असाल तर प्रत्येकाला वेगळी फेस शील्ड आणि डमीची बदलायची फुप्फुसं.
- जुना शर्ट, ब्लाउज, एक जुनी ब्रा, ओढणी, खोटं मंगळसूत्र, छोटा टॉवेल, दाढीचं रेझर, ट्रॉमा कात्री. ही यादी वाचून लोक हसतात, पुढे सांगते कशाला ते.
- कागदपत्रं: परवानगीचं पत्र, हजेरीचा तक्ता, फोटो काढायची संमती आणि कंपनीत जाणार असाल तर सगळ्या सामानाची सिरीयल नंबरसकट यादी.

डमी घेताना प्रश्न पडतो साधी घ्यायची की फीडबॅकवाली. साधी डमी पुरेसं दाबलं की 'टक' वाजते, बस. फीडबॅकवालीत एकतर अंगावरच दिवे असतात, नाहीतर ब्लूटूथने मोबाइलवर खोली, वेग, छाती पूर्ण वर आली की नाही हे सगळं दिसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून आपल्या प्रौढ सीपीआरच्या कोर्सला असं फीडबॅक देणारं उपकरण सक्तीचं केलंय. आणि ते बरोबरच आहे, कारण नुसतं बघून खोली किती गेली हे आयसीयूत वर्षं काढलेल्या माणसालाही नीट सांगता येत नाही, मी स्वतः पैज हरलेय. बजेट कमी असेल तर एक फीडबॅकवाली आणि बाकी साध्या घ्या आणि प्रत्येकाला फिरवून त्या एकीवर आणा. डोळे मिचकावणारी, घाम येणारी, बोलणारी आख्ख्या अंगाची महागडी डमी या कामाला अजिबात लागत नाही. ती आयसीयूच्या टीमसाठी असते, तुमच्या सेशनला ती फक्त सेल्फी काढायच्या कामाची.

३. आदल्या दिवशीची कामं

हे टाळलंत तर दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडाल. माझ्या पहिल्या बाहेरच्या सेशनला बॅग उघडली तर डमीच्या पाठीतल्या बॅटऱ्या पावसाळाभर कपाटात राहून फुटलेल्या, हिरवा-पांढरा चिकट थर आणि समोर चाळीस माणसं. तेव्हापासून काम झालं की बॅटऱ्या काढून पिशवीत वेगळ्या ठेवते.

प्रत्येक डमीला मार्करने मोठा नंबर लावा आणि ॲपमध्येही तोच नंबर द्या. सहा डमी एकाच वेळी चालू केल्या की यादीत सहा सारखीच नावं दिसतात आणि मग होतं असं की दाबतोय एक आणि स्क्रीनवर मार्क दुसऱ्याचे. ॲप अपडेट घरच्या वायफायवर करून घ्या, सोसायटीचा हॉल बहुतेक वेळा बेसमेंटला असतो आणि तिथे रेंज नसते. ट्रेनरचे पॅड एकदा चिकटवून बघा, ते पुन्हा पुन्हा वापरायचे असल्यामुळे त्यांचा चिकटपणा हळूहळू जातो. न चिकटणारा पॅड घेऊन आलात की लोकांच्या डोक्यात तेच राहतं, की मशीन असलं काहीतरी लोंबकळत असतं.

ट्रेनरची भाषाही तपासा. माझ्याकडचा इंग्रजी आणि हिंदी बोलतो, मराठी नाही. म्हणून मी आधीच त्याची चार-पाच वाक्यं मराठीत सांगून ठेवते. पॅड चिकटवा, पेशंटला हात लावू नका, तपासणी चालू आहे, शॉकची गरज आहे, बटण दाबा. खरी मशीनही बहुधा इंग्रजीतच बोलणार आहे, तेव्हा तो आवाज कानाला ओळखीचा झालेला बरा.

४. आधी करून दाखवा, मग बोला

नव्या शिकवणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाळीस स्लाइडचं पॉवरपॉइंट. हृदयाचे कप्पे, ईसीजीच्या लहरी, मग आकडेवारी आणि शेवटच्या दहा मिनिटांत "चला आता एकेकाने येऊन बघा". उलटं करा. पहिल्या पाच मिनिटांत एकही शब्द न बोलता आख्खा प्रसंग खऱ्या वेगात करून दाखवा. मग तोच सावकाश, प्रत्येक पायरी सांगत. मग समोरच्यांनी सांगायचं आणि तुम्ही करायचं. मग त्यांनी सांगत सांगत स्वतः करायचं. एवढ्यात सगळी थिअरी आपोआप येते.

सांगायचे आकडे चारच. मिनिटाला १०० ते १२० वेळा. खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नको. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मध्ये थांबावं लागलंच तर १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, हे पाचवं झालं पण ते आकड्यापेक्षा शिस्तीचं आहे.

हात कुठे ठेवायचा हे सांगताना बघा, निम्मे लोक डावीकडे सरकतात, कारण सिनेमात हृदय डावीकडे असतं. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग. आणि हाताचा कोणता भाग? बायकांना मी सांगते, कणीक तिंबताना तळहाताचा मनगटाकडचा जो भाग लागतो तोच. हे लगेच कळतं, पण लगेच दुसरा घोळही होतो, कणीक तिंबताना कोपरं वाकतात आणि त्या तशाच वाकवून दाबायला लागतात. तेव्हा म्हणायचं, हात कणकेचा पण अंग हापशाचं. हापशावर आपण हाताच्या जोरावर नाही, वरून अंगाचा भार टाकून दाबतो, तसंच खांदे डमीच्या बरोबर वर आणा आणि कोपरं ताठ. चाळीस किलोची मुलगी पाच सेंटिमीटर गाठते की नाही ते बघा.

५. स्क्रीन वाचायची, पण तिच्या नादी लागायचं नाही

हिरवा दिवा लागला की टाळ्या, मग स्पर्धा, मग "मला ९८ टक्के पडले, तुला?" थोडी स्पर्धा चांगली, लोक स्वतःहून पुन्हा डमीवर येतात. पण तुमचं लक्ष तीन गोष्टींवर पाहिजे.

पहिली, वेग वाढला की खोली जाते. एका जिममधला ट्रेनर, दंड बघितले तर माझ्या मांडीएवढे, पहिल्याच मिनिटात १४५ च्या वेगाने दणादण सुरू झाला आणि ग्राफवर खोली चार सेंटिमीटरच्याही खाली. त्याला पटेना. मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) ११० वर लावून दिला, जोर तेवढाच, खोली लगेच साडेपाच.

दुसरी, दाबून झाल्यावर अंगावर रेलणं. दमलेला माणूस नकळत हात छातीवर टेकवून ठेवतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात परत रक्त भरत नाही. डोळ्यांनी हे दिसत नाही, सेन्सरलाच कळतं. फीडबॅकवाल्या डमीचे पैसे मला वाटतं इथेच वसूल होतात.

तिसरी, दमणं. मिनिट-दीड मिनिटातच खोली घसरायला लागते आणि गंमत म्हणजे करणारा म्हणतो "मी ठीक आहे". त्याला त्याचाच ग्राफ दाखवा. दोन मिनिटांनी बदली का घ्यायची हे पुन्हा कधी सांगावं लागत नाही.

आता महत्त्वाचं, पहिली फेरी स्क्रीन समोर ठेवून, दुसरी स्क्रीन फक्त तुमच्याकडे वळवून, तिसरी मेट्रोनोमही बंद करून. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या छातीवर हिरवा दिवा लागणार नाहीये.

६. एईडी ट्रेनर

सगळ्यात आधी, ट्रेनर शॉक देत नाही आणि खरी मशीन ट्रेनर म्हणून वापरायची नाही. हे लिहायची वेळ येते कारण लोक तसं करतात, "आमच्याकडे भिंतीवर खरी आहेच की, तीच दाखवा ना!" खरीचे पॅड एकदा उघडले की गेले, नवीन घ्यावे लागतात, बॅटरी खर्च होते आणि साधी डमी खऱ्या शॉकसाठी बनवलेलीच नसते. आणि गंमत म्हणूनही जिवंत माणसाच्या अंगावर पॅड लावून दाखवायचं नाही, छाती दाबायची प्रॅक्टिसही जिवंत माणसावर नाही, नवरा कितीही उत्साही असला तरी. सेशन संपल्यावर ट्रेनर स्वतःच्या बॅगेत परत गेला ना, हे मोजून बघा. भिंतीवरच्या पेटीत चुकून ट्रेनर राहिला तर काय होईल याचा विचार करा.

मशीन चालू करायची पद्धत वेगवेगळी असते. कुठे झाकण उघडलं की चालू, कुठे बटण दाबायचं. म्हणून एकाच मॉडेलची पाठांतरं करून घेऊ नका. "पहिलं काम मशीन चालू करणं, पुढचं ती सांगेल," एवढंच डोक्यात बसवा. काही मशीन शॉकचं बटण आपल्याला दाबायला लावतात, काही मोजून स्वतःच शॉक देतात, हेही सांगून ठेवा.

पॅड कुठे लावायचे ते पॅडवरच्या चित्रातच असतं. एक उजव्या बाजूला कॉलरबोनच्या खाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली कुशीला. दुसरा पॅड लोक नेहमी पुढे, छातीवर लावतात, तो बाजूला सरकवून घ्या, दोन्हींच्या मध्ये हृदय यायला हवं.

आणि आता ते ब्लाउज, मंगळसूत्र. सीपीआरची पहिली गाजलेली बाहुली १९६० मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हॅंगरच्या आसमुंड लेर्दाल या खेळण्यांच्या कारखानदाराने बनवली आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्याचा. म्हणजे चेहरा मुलीचा, पण तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक डमींची छाती सपाटच. त्यामुळे समोर बाई पडलेली असली की शिकलेले लोकही थबकतात, हात लावू की नको, पदर काढू की नको. बाहेरच्या लोकांकडून बायकांना सीपीआर कमी वेळा मिळतो हे परदेशातल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय, आणि आपल्याकडे तर विचारायलाच नको. म्हणून माझी तीन नंबरची डमी कायम ब्लाउज, ब्रा, ओढणी आणि मंगळसूत्र घालून येते. तिला चक्क नाव आहे, सुमनताई. प्रत्येकाला सुमनताईंवर एक फेरी करावीच लागते. ओढणी बाजूला, ब्लाउज कात्रीने समोरून सरळ कापायचा, हुकांशी खेळत बसायचं नाही, ब्रा सरकवून पॅड उघड्या कातडीवर नीट बसत असेल तर सरकवा नाहीतर कापा, मंगळसूत्र तोडायची गरज नाही, मानेकडे सरकवून पॅडपासून लांब ठेवा. बाकीच्यांनी ओढणीचा आडोसा धरायचा. पहिल्यांदा हॉलमध्ये खसखस पिकते, बायका पदर तोंडाला लावतात, पुरुष खाली बघतात. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत हसणं थांबतं आणि कात्री चालायला लागते.

तसंच घाम किंवा पाऊस असेल तर टॉवेलने छाती पुसा. दाट केस असतील आणि पॅड चिकटत नसेल तर रेझर. औषधाची पट्टी असेल तर काढून पुसून घ्या. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, थोडा बाजूला. लहान मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचेच वापरा, एक पुढे एक पाठीला.

इथल्या दोन ठरलेल्या गडबडी. एक, मशीन आली की सगळे तिच्याकडे बघत बसतात आणि छाती दाबणारा थांबतो. एकाने पॅड लावायचे, दुसऱ्याने दाबत राहायचं, मशीन "हात लावू नका" म्हणेल तेव्हाच उठायचं. शॉक बसला की नाडी शोधत बसायचं नाही, लगेच पुन्हा दाबायला सुरुवात, मशीन दोन मिनिटांनी स्वतःच परत तपासेल. दुसरी, "शॉकची गरज नाही" असं मशीन म्हणाली की लोकांना वाटतं, वाचला! तसं नाही. मशीन फक्त थरथरणाऱ्या किंवा भलत्याच वेगाने धावणाऱ्या हृदयाला शॉक देते, पूर्ण थांबलेल्या सरळ रेषेला देत नाही. टीव्हीवर सरळ रेषा आली की शॉक देतात ते विसरा. पेशंट हालचाल करत नसेल, नीट श्वास घेत नसेल तर दाबत राहा. ट्रेनरवर वेगवेगळे प्रसंग निवडता येतात, तर प्रत्येक गटाला एकदा तरी 'शॉक नाही' वाला प्रसंग द्याच. बहुतेक नवे शिकवणारे नेहमी शॉकवालाच लावतात कारण त्यात मजा येते.

७. खरी परीक्षा: प्रसंग

हा भाग कापू नका. वेळ कमी पडला तर बाकीचं कापा.

डमी कायम 'मेलेली'च असते. ती पडलेली दिसली की लोक सरळ येऊन दाबायला लागतात, त्यांना काही ठरवावंच लागत नाही. खऱ्या आयुष्यात दाबणं नंतरचं, त्याआधी ठरवावं लागतं की याला चक्कर आलीय, फिट आलीय की हृदय थांबलंय. तिथेच मिनिटं जातात आणि सीपीआर, शॉक काहीच नसेल तर प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते.

म्हणून प्रसंगात पेशंट आधी खरा माणूस करा. एखादी विद्यार्थिनी चालता चालता खाली बसते, आडवी होते, दोन-चार झटके देते (हृदय थांबल्यावर सुरुवातीला असे झटके येऊ शकतात, लोकांना फिट वाटते) आणि मग आचके द्यायला लागते, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसं, मध्येच घोरल्यासारखा आवाज. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. हे एकच वाक्य लोक घरी घेऊन गेले तरी सेशन वसूल. मी स्वतः तो आवाज काढून दाखवते, लाज सोडून. "हा श्वास आहे का?" असं विचारलं की पहिल्यांदा निम्मे हात 'हो'साठी वर जातात.

मग त्या मुलीच्या जागी डमी सरकवायची आणि पुढचं सुरू.

आता बघा काय होतं. एका सोसायटीत मी कोणालाच काही न सांगता हा प्रसंग लावला. एक काकू पाणी घेऊन आल्या आणि तोंडात ओतायला लागल्या. दोघीजणी तळपाय चोळायला बसल्या. एका आजोबांनी "कांदा आणा, कांदा" सुरू केलं, कोणीतरी चप्पल नाकाशी धरली. सेक्रेटरी "अरे कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन करा" असं तीनदा ओरडले आणि कोणीच केला नाही. मी घड्याळ लावलं होतं, छातीवर पहिला हात पडला अडीच मिनिटांनी, तोही वॉचमनकाकांचा, ज्यांना "तुम्ही मागे बसा" म्हणून मागे बसवलं होतं. मी कोणालाच रागावले नाही. तो आकडा फळ्यावर लिहिला आणि शेवटी पुन्हा तोच प्रसंग लावला. तेव्हा पंचवीस सेकंद.

त्यात शिकवायच्या गोष्टी अशा. जागा सुरक्षित आहे का बघा, वीज, गाड्या. खांदे हलवून हाक मारा. छातीकडे बघा, दहा सेकंदांत ठरवा. उठत नाही आणि नीट श्वास नाही म्हणजे सुरू करा. "कोणीतरी" हा शब्दच बंद, बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा, स्पीकरवर ठेवा. ताई, तुम्ही गेटजवळची मशीन आणा. काका, लिफ्ट खाली धरून ठेवा आणि गेट उघडा." फोनवर पत्ता सांगायचीही प्रॅक्टिस करा, बिल्डिंग, विंग, कोणतं गेट, जवळची खूण. स्वतःच्या सोसायटीचा पत्ता धड सांगता न येणारे लोक मी पाहिलेत.

सावधान, एकदा उत्साहाच्या भरात एका मुलाने खरंच १०८ लावला. तेव्हापासून माझा दुसरा मोबाइल हाच '१०८', तो नंबर सगळ्यांना आधीच देते आणि पलीकडे माझी सहकारी सिस्टर प्रश्न विचारायला बसते.

८. नंतर बोलणं

प्रसंग संपला की लगेच "तुमचं हे चुकलं" सुरू करू नका. आधी विचारा, काय झालं? मग, कुठे अडखळलात? लोक स्वतःच सांगतात, "मला वाटलं कोणीतरी डॉक्टर असेल इथे." मग ग्राफ दाखवा. गटात एखादे निवृत्त डॉक्टर असतील तर त्यांना शेवटी बोलायला द्या, आधी दिलंत तर बाकीचे गप्प होतात. आणि व्हिडिओ काढत असाल तर तो चर्चेपुरता, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर पुढच्या वेळी कोणी बाई डमीला हात लावणार नाही.

९. व्हीआरचं काय?

हल्ली व्हीआरचा म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून शिकायचे पर्याय आलेत आणि संस्थाचालकांना ते फार आवडतात. मी विरोधात नाही. नेदरलँड्समध्ये २०१८ साली लोलँड्स संगीत महोत्सवात आलेल्या लोकांवर एक चाचणी झाली, काहींना व्हीआर ॲपवर शिकवलं, काहींना समोरासमोर. वेग दोघांचा चांगला आला, ११४ आणि १०९, पण खोली व्हीआरवाल्यांची सरासरी ४९ मिलिमीटर आणि समोरासमोर शिकलेल्यांची ५७. म्हणजे चष्मा प्रसंग ओळखायला, गोंधळाची सवय करायला चांगला, पण हाताखाली काहीतरी दाबायला लागतंच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी अजून दोन डमी घेईन.

१०. साफसफाई आणि पुढची तारीख

दोन माणसांच्या मध्ये चेहरा आणि छाती वाइपने पुसा, सुकू द्या. श्वासाची प्रॅक्टिस झाली असेल तर फुप्फुसाची पिशवी काढून टाका, "एकदाच वापरलीय" म्हणून ठेवू नका. अंगावरचे कपडे धुवा. पेनाचे डाग डमीच्या कातडीत कायमचे मुरतात, म्हणून पोरांच्या हातात पेन असेल तर आधी खिशात ठेवायला लावा.

जागेवरच तीन महिन्यांनंतरची तारीख ठरवा. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, वर्षातून एकदा दिवसभर घेण्यापेक्षा दर तिमाहीला दहा-दहा मिनिटं बरी. आम्ही आता लॅबच्या दाराजवळ एक डमी कायम मांडून ठेवतो, जाता-येता दोन मिनिटं करून वहीत सही करायची.

आणि कंपनीत गेलात तर आत जातानाच सामानाचा रिटर्नेबल गेट पास करून घ्या, यादीवर डमी किती, ट्रेनर किती सगळं लिहून. मी एकदा तो केला नाही. संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटताना गेटवर सिक्युरिटीने बॅग उघडायला लावली, सुमनताई ब्लाउज कापलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि मागे तीनशे माणसांची लाइन.